टीव्ही ट्यूनर कार्ड, विंडोज १० आणि न सापडणारे चॅनल

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये २००७ च्या सुमारास घेतलेलं, मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं टीव्ही ट्यूनर कार्ड आहे. एक्सपीवर ते व्यवस्थित चालायचं. त्याच मशीनवर ६४ बिटचं विंडोज १० टाकलं, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आलं. कार्डाबरोबर आलेली सीडी इन्स्टॉल व्हायला नकार देते. मग ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं. त्यानंतर कार्ड ओळखलं गेलं, पण स्कॅनिंगमध्ये एकही चॅनल सापडत नाही, आणि मधूनच निळा स्क्रीन येतो. कार्ड हवंय दोन कामांसाठी: केबल बघायला आणि आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला.

चॅनल न सापडणं आणि निळा स्क्रीन येणं या दोन स्वतंत्र भानगडी आहेत. त्यांना एकत्र धरलंत की महिनाभर ड्रायव्हर बदलत बसाल आणि हाती काही लागणार नाही. चॅनलची भानगड सोपी आहे, म्हणून ती आधी घेतो.

तुमचं कार्ड अ‍ॅनालॉग आहे. केबलवाल्याची जी वायर तुम्ही त्याच्या मागे खुपसली आहे, तिच्यात आता अ‍ॅनालॉग सिग्नलच उरलेला नाही. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मुंबईसह चार महानगरांना ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांना ३१ मार्च २०१३ ची, आणि गावपातळीवरचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. अँटेनावरून दूरदर्शन पकडावं म्हटलं तर जमिनीवरची अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रंही २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. म्हणजे कार्डाचा ट्यूनर, तो पत्र्याचा चौकोनी डबा, अगदी ठणठणीत असला तरी त्याला पकडायला काही नाही. स्कॅन केल्यावर पडद्यावर मुंग्या दिसत असतील तर उलट आनंद माना. चिप, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर तिन्ही चालू असल्याशिवाय मुंग्यासुद्धा दिसत नाहीत. काही सॉफ्टवेअर सिग्नल नसला की मुंग्यांऐवजी निळा पडदा दाखवतात, तो विंडोजच्या निळ्या स्क्रीनशी गल्लत करू नका. हे वाचायला विनोदी वाटेल, पण फोनवर ‘निळा स्क्रीन येतो’ एवढंच ऐकून आख्खी विंडोज उडवणारे लोक आहेत.

केबल बघायचीच असेल तर सेट-टॉप बॉक्समधून सिग्नल घ्या. बॉक्सच्या मागे पिवळं, लाल, पांढरं अशी तीन एव्ही सॉकेटं असतात. पिवळ्यातून चित्र कार्डाच्या कंपोझिट इनपुटला द्यायचं आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट ‘टीव्ही’वरून ‘कंपोझिट’वर न्यायचं. ट्यूनरचा प्रश्नच मिटला, स्कॅनिंगचाही मिटला, आणि चॅनल बॉक्सच्या रिमोटने बदलायचे. जुन्या बॉक्सांना आरएफ आउट असतं, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र, अँटेनासारख्या वायरीतून देणारं सॉकेट. ते वापरलं तर कार्डावर एकच चॅनल ट्यून करावा लागतो, बहुधा ३ किंवा ४. त्यातून चित्र जरा मऊ येतं आणि आवाज मोनो होतो, त्यामुळे कंपोझिट उपलब्ध असताना आरएफच्या वाटेला जायचं कारण नाही.

इथे एक सेटिंग हमखास चुकतं. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना देश विचारतं आणि यादीत भारत नसला की लोक अमेरिका निवडून मोकळे होतात. टीव्ही सिग्नलची पद्धत अमेरिकेत एनटीएससी, आपल्याकडे पाल-बी. कंपोझिटवर एनटीएससी ठेवलंत तर चित्र वरखाली गडगडतं किंवा काळंपांढरं येतं. आरएफ वापरत असाल तर पाल असूनही त्याच्या बी, आय आणि डीके या उपप्रकारांतला फरक नडतो. चित्र आणि आवाज यांच्या वाहक लहरींमधलं अंतर पाल-बीमध्ये ५.५ मेगाहर्ट्झ, आयमध्ये ६, डीकेमध्ये ६.५ असतं. चुकीचा प्रकार निवडला की चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. लोक स्पीकर बदलतात, साउंड कार्ड बदलतात, आणि गोष्ट एका ड्रॉपडाउनची असते.

आता मुख्य भानगड, निळ्या स्क्रीनची, म्हणजे ड्रायव्हरची.

पहिलं म्हणजे खोक्यावरचं नाव विसरा. त्या काळात एकाच डिझाइनचं कार्ड दहा नावांनी विकलं जायचं, आणि उलट, एकाच नावाच्या खोक्यात या महिन्यात एक चिप तर पुढच्या महिन्यात दुसरी निघायची. ड्रायव्हर लागतो तो चिपचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे चिप बनवणाऱ्याचा क्रमांक, ‘डेव्ह’पुढे चिपचा आणि ‘सबसिस’पुढे त्या विशिष्ट कार्डाचा क्रमांक असतो. व्हेन ११३१ म्हणजे फिलिप्स, नंतरची एनएक्सपी. १०९ई म्हणजे ब्रुकट्री, आणि १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट. आपल्या बाजारात आलेली बहुतांश स्वस्त पीसीआय कार्डं या तीन घराण्यांतली. फिलिप्सच्या ७१३० आणि ७१३४ या चिपांचे क्रमांक तसेच्या तसे डेव्हच्या पुढे दिसतात. ७१३१, ७१३३ आणि ७१३५ या तिन्ही ७१३३ म्हणूनच दिसतात, तेव्हा गोंधळू नका. ब्रुकट्रीची बीटी८७८ चिप असेल तर एकाऐवजी दोन पिवळी चिन्हं येतात, एक व्हिडिओचं आणि एक आवाजाचं. कार्ड एकच आहे, बिघाड दुप्पट झालेला नाही.

हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. शक्य असेल तर कॅबिनेट उघडून पत्र्याच्या डब्यावरचं स्टिकरही मोबाइलवर टिपून घ्या. विंडोजला ते लागत नाही, पण पुढे लिनक्सवर लागेल.

मग पिवळ्या चिन्हाचा कोड बघा. प्रॉपर्टीजच्या पहिल्याच पानावर तो लिहिलेला असतो आणि आश्चर्य म्हणजे कुणी वाचत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. चुकीच्या कार्डाचा ड्रायव्हर बसला की हाच येतो. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. कोड १२ म्हणजे कार्डाला लागणारी मेमरीची जागा किंवा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) मशीनकडे शिल्लक नाही, तिथे ड्रायव्हर बदलून उपयोग नाही, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघायचं. आणि मॅनेजरमध्ये काहीच दिसत नसेल, पिवळं चिन्हसुद्धा नाही, तर मामला सॉफ्टवेअरचा नाहीच. मशीन बंद, पॉवरची वायर भिंतीतून काढलेली, कार्ड बाहेर, सोनेरी पट्ट्या शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, चुरा झटकायचा, आणि कार्ड सरळ दाबून स्क्रू लावायचा. स्क्रू लावताना कार्डाचं मागचं टोक स्लॉटमधून किंचित वर उचललं जातं, ते पुन्हा दाबून बघा. बरीच ‘मेलेली’ कार्डं एवढ्यावर उठतात.

तुमच्या त्या अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. ते व्हेन आणि डेव्ह जुळवतं, आणि बऱ्याचदा सबसिसकडे दुर्लक्ष करतं. म्हणजे चिप ७१३४ आहे हे त्याला कळतं, पण तुमच्या कार्डावर चिपच्या कुठल्या पिनला कंपोझिट जोडलंय, आवाजाचा स्विच कुठे आहे आणि ट्यूनर कोणता आहे हे सबसिसवरून ठरतं. दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर बसला तर चिप जागी होते, डिव्हाइस मॅनेजर खुश होतो, आणि कंपोझिट निवडल्यावर काळा पडदा दिसतो, कारण ड्रायव्हर रिकाम्या पिनकडे बघत बसलेला असतो. तुमच्याकडे हेच झालं असावं. शिवाय अशी सॉफ्टवेअर बरोबर चार नको ती बांडगुळं आणतात. पहिलं काम म्हणजे ते काढून टाका.

पण नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. त्याने आणलेला ड्रायव्हर विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यात जाऊन बसलेला असतो, आणि तुम्ही डिव्हाइस काढलंत तरी पुढच्या बूटला विंडोज तोच परत लावते. म्हणून डिव्हाइसवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल म्हणताना खाली जो ‘या डिव्हाइसचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर हटवा’ असा चौकोन येतो, त्यावर टिक करायची. टिव्हीचं कार्ड एकच नोंद करत नाही. कॅप्चर, क्रॉसबार, ट्यूनर, ऑडिओ अशा दोन-चार नोंदी असू शकतात, त्या सगळ्या काढा. व्ह्यू मेनूतून लपलेली डिव्हाइस दाखवायला सांगा, जुन्या प्रयोगांची भुतं तिथे फिकट रंगात दिसतील, तीही साफ करा. निळा स्क्रीन मधेच आडवा येत असेल तर हे सगळं सेफ मोडमध्ये करा. निळ्या स्क्रीनवर ‘सिस’ने संपणाऱ्या फाइलचं नाव येत असेल तर ते टिपा. ते ट्यूनरच्या ड्रायव्हरचंच निघालं तर शंका मिटली, आणि ग्राफिक्सचं निघालं तर शोध तिकडे न्यायचा.

आता खरा ड्रायव्हर. सीडीवरचा एक्सपीचा ड्रायव्हर ३२ बिटचा आहे. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, कसलाही जुगाड केला तरी नाही. कंपॅटिबिलिटी मोड लावून सेटअप पुढे सरकतो, फाइली कॉपी होतात, पण ड्रायव्हर लोड होत नाही. तो मोड प्रोग्रामसाठी आहे, ड्रायव्हरसाठी नाही. तुम्हाला हवा तो व्हिस्टा किंवा विंडोज ७ च्या काळातला ६४ बिटचा ड्रायव्हर, तुमच्याच सबसिसचा. फिलिप्सच्या ७१३ मालिकेतल्या अनेक कार्डांना असे ड्रायव्हर निघाले होते. बीटी८७८ वाल्यांचं नशीब बरंच खडतर आहे. फाइल मिळाली की ती उघडून तिच्यातली आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हर कुठल्या कार्डांसाठी आहे याची यादी, नोटपॅडमध्ये बघा. तिच्यात तुमचा सबसिस क्रमांक शोधा. सापडला तर ड्रायव्हर तुमचा. नाही सापडला तर ‘चालेल बहुतेक’ म्हणून टाकू नका, आणि आयएनएफमध्ये स्वतःचा क्रमांक घुसडून बघायचा सल्लाही मी घरच्या मशीनसाठी देणार नाही, कारण तसं करताच सही मोडते.

सहीबद्दल दोन शब्द. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून सही नसलेला ड्रायव्हर लोड करत नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं, की ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज असं करत ७ क्रमांकाच्या पर्यायाने ही तपासणी बंद करता येते, पण तेवढ्या एका बूटपुरती. ड्रायव्हर चालतो का हे बघायला ही युक्ती उत्तम. रोज वापरायला ती जाचक आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक अडसर आहे, कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी. ते चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर सही असूनही अडवले जातात. ते बंद करता येतं, पण मशीनची सुरक्षा एका जुन्या टीव्ही कार्डासाठी कमी करायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बँकेचे व्यवहार त्याच मशीनवर होत असतील तर माझं उत्तर नाही असं आहे.

आणखी एक जागा तपासा, रॅम. एक्सपीच्या वेळी मशीनला १ किंवा २ जीबी रॅम असेल, आता तुम्ही ती ८ केली असेल. ही कार्डं चित्राचा डेटा प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये लिहितात, आणि त्यांना पत्ता ३२ बिटांचाच कळतो. काही जुने ड्रायव्हर ४ जीबीच्या वरची रॅम असताना हे नीट सांभाळत नाहीत, मग हिरवे पट्टे, गोठलेलं चित्र किंवा निळा स्क्रीन. खात्री करायला एमएसकॉन्फिग या विंडोजच्या बूट सेटिंगच्या साधनात बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन कमाल मेमरी ३०७२ ठेवा आणि रीस्टार्ट करा. निळा स्क्रीन थांबला तर रोग कळला. चाचणी झाली की तो चौकोन परत रिकामा करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात ‘मशीन स्लो झालंय’ म्हणून वेगळाच शोध सुरू होईल.

आणि ड्रायव्हर ठीक बसल्यावर, काही दिवसांनी विंडोज अपडेटनंतर कार्ड पुन्हा आंधळं झालं, तर प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर बटण आहे. चालणाऱ्या ड्रायव्हरचा फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. मूळ साइट कधी गायब होईल याचा नेम नाही, अनेक झाल्याही आहेत.

इतकं करूनही कार्ड बोललं नाही, तर ते मेलंय की विंडोज त्याला विचारत नाही, हे ठरवायला माझ्या माहितीतला सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवणं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. ब्रुकट्रीची बीटी८७८, कोनेक्झंटची सीएक्स२३८८ मालिका आणि फिलिप्सची सा७१३ मालिका, तिन्हींचे ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहेत, सीडी लागत नाही की सही लागत नाही. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवून कार्ड दिसतंय का बघायचं, मग डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत ‘सा७१३४’ असलेल्या ओळी वाचायच्या. कार्डाचं नाव आलं तर झालंच. काही अनामिक कार्डांच्या इईप्रॉममध्ये (माहिती साठवणाऱ्या छोट्या चिपमध्ये) सबसिसचा क्रमांक भरलेलाच नसतो, तिथे ‘अननोन जेनेरिक’ असं येतं. मग मॉड्यूल (लिनक्सचा ड्रायव्हर) काढून मॉडप्रोब या कमांडने कार्ड आणि ट्यूनरचा क्रमांक हाताने द्यायचा. मघाशी डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढायला सांगितला तो यासाठी. उदाहरणार्थ फिलिप्सच्या एफआय१२१६ ला ट्यूनर ५, तर एफएम१२१६एमई एमके३ ला ट्यूनर ३८. कॅसेटीसाठी ट्यूनर चुकला तरी बिघडत नाही, कार्डाचा क्रमांक मात्र बरोबर हवा, कारण कंपोझिट कुठल्या पिनवर हे त्यावरून ठरतं. लिनक्सवर चित्र आलं तर तुमचं कार्ड जिवंत आहे आणि भांडण विंडोजशी आहे. खरं सांगायचं तर मग विंडोजकडे परत जायची गरजही उरत नाही.

एक प्रश्न यावर हमखास येतो, की विंडोज १० च्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकलं तर? व्हर्च्युअलबॉक्समधल्या एक्सपीला तुमचं पीसीआय कार्ड दिसतच नाही. ती वाट बंद. एक्सपी हवंच असेल तर वेगळ्या हार्ड डिस्कवर, नेटची वायर काढून. एक्सपीला सुरक्षा अपडेट मिळणं एप्रिल २०१४ लाच थांबलंय.

कार्डाबरोबर आलेलं टीव्ही बघायचं सॉफ्टवेअर मात्र नवीन विंडोजवर टाकू नका. ते एमपेग-२ चे जुने कोडेक (व्हिडिओ दाबायचे-उलगडायचे तुकडे) बरोबर आणतं आणि चालू असलेल्या गोष्टी बिघडवतं. व्हीएलसीमध्ये ‘ओपन कॅप्चर डिव्हाइस’मधून किंवा ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ कॅप्चर सोर्स म्हणून कार्ड निवडता येतं. ओबीएसमध्ये ‘कॉन्फिगर क्रॉसबार’ नावाचं बटण आहे, कंपोझिट तिथे निवडायचं. अनेकांना ते सापडत नाही आणि कार्ड काळं दाखवतं म्हणून परत ड्रायव्हरवर संशय जातो. कार्डाच्या रिमोटच्या सेन्सरमागे वेळ घालवू नका.

आवाजाचं वेगळं सांगतो, कारण यात ड्रायव्हर निर्दोष असून शिव्या खातो. ७१३० ही चिप पीसीआयवरून आवाज पाठवतच नाही. तिच्या कार्डातून आवाज एका छोट्या वायरने बाहेर येतो आणि साउंड कार्डच्या निळ्या लाइन-इनमध्ये जातो. मशीन साफ करताना ती वायर निघाली आणि कुणी ती अडगळीत टाकली, की टीव्ही कायमचा मुका. ती गुलाबी माइक-इनमध्ये घातलीत तर आवाज फाटका आणि मोनो येतो. ७१३४ आणि पुढच्या चिपांमध्ये आवाज पीसीआयवरून येतो, तिथे कार्ड विंडोजला रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून दिसतं. आणि विंडोज १० ची नवी गंमत म्हणजे प्रायव्हसी सेटिंग्ज. मायक्रोफोन आणि कॅमेऱ्याची परवानगी डेस्कटॉप प्रोग्रामना बंद असेल तर लाइन-इनही त्यातच मोजलं जातं. सगळं बरोबर, आणि आवाज शून्य. हे दोन स्विच ड्रायव्हर बदलण्याआधी बघायचे.

चित्रात एक जाडसर काळपट पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत असेल तर तो अर्थिंगचा दोष आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत कॉम्प्युटरच्या सॉकेटची अर्थिंगची पिन नावालाच असते. मग एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून कॅबिनेटच्या पत्र्यावर बारीक गळती होते, उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात, तीच. ती गळती एव्ही केबलच्या जाळीतून सेट-टॉप बॉक्सकडे किंवा व्हीसीआरकडे धावते आणि ५० हर्ट्झचा पट्टा चित्रावर उमटतो. दोन्ही उपकरणं एकाच, खरोखर अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा. आणि केबलची कोअ‍ॅक्स वायर कार्डाला लावून ठेवलेली असेल तर मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की ती काढत जा. खांबाखांबावरून फिरलेल्या त्या वायरीतून आलेला झटका ट्यूनर तर घेतोच, कधी मदरबोर्डही सोबत नेतो.

आता लग्नाची कॅसेट. माझ्या मते तुमच्या या जुन्या कार्डाचा आज एवढाच खरा उपयोग आहे, आणि तो चांगला आहे.

टेप आधी उजेडात धरून खिडकीतून बघा. रिळाच्या कडेवर पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात, किंवा कुठेही ओलसर भिंतीच्या कपाटात राहिलेल्या कॅसेटींना ती लागतेच. अशी टेप व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटीला चिकटते. ती साफ करून देणाऱ्याकडे द्या. टेप स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली असेल तर ती एनटीएससी असणार. तेव्हा व्हीसीआर मल्टिसिस्टिम हवा आणि कार्डाचं सेटिंगही बदलायला हवं. भारतातली किंवा आखातातून आलेली बहुधा पालच.

रेकॉर्डिंगचं रिझोल्यूशन ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. त्याहून मोठा आकडा निवडून चित्र सुधारत नाही. कच्चा डेटा सेकंदाला साधारण २१ एमबी होतो, म्हणजे तासाला ७५ जीबी, म्हणून कॉम्प्रेस करतच रेकॉर्ड करा. एमपेग-२ मध्ये सेकंदाला ६ मेगाबिट ठेवले तर तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास लागतात आणि व्हीएचएसला ते पुरेसं आहे. रेकॉर्डिंग दीड तासाच्या सुमारास आपोआप थांबत असेल तर डिस्क फॅट३२ आहे का बघा. त्यात एका फाइलची मर्यादा ४ जीबी असते. एनटीएफएस केली की प्रश्न संपतो. हलणाऱ्या गोष्टींच्या कडांना फणीसारख्या रेघा दिसल्या तर तो बिघाड नाही, इंटरलेसिंग आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेघांच्या दोन भागांत येते. बघताना डीइंटरलेस चालू करायचं, मूळ फाइल तशीच ठेवायची. आणि आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडत असेल, सुरुवातीला जुळलेला आणि तासाभराने मंगलाष्टकं संपल्यावर अक्षता पडाव्यात तसा, तर आवाज साउंड कार्डच्या घड्याळाने आणि चित्र ट्यूनर कार्डाच्या घड्याळाने चाललंय. शिवाय जुनी टेप थरथरली की कार्ड फ्रेम गाळतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून रेकॉर्ड केलं की तफावत डोळ्यात भरण्याइतकी वाढत नाही.

आणि हे सगळं नको असेल तर यूएसबीचा छोटा एव्ही कॅप्चर डोंगल मिळतो, तीन रंगांच्या सॉकेटांचा. त्यातही खोक्याचं नाव विसरा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या डोंगलांत एसटीके११६०, ईएम२८६०, यूटीव्ही००७ अशा वेगवेगळ्या चिपा असतात आणि प्रत्येकीला वेगळा ड्रायव्हर लागतो. म्हणजे पुन्हा तेच रामायण. दुकानदाराला एकच विचारा, हा यूव्हीसी आहे का, वेबकॅमसारखा बिनड्रायव्हरचा चालतो का. एमएस२१०६ चिपचे तसे असतात. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयसाठीचा डोंगल घेऊ नका, बॉक्सचं एचडीसीपी हे कॉपीविरोधी संरक्षण चालू असेल तर काळा पडदाच मिळेल. पैसे देण्याआधी दुकानातच लॅपटॉपला लावून डिव्हाइस मॅनेजर उघडा. कॅमेरे किंवा इमेजिंग डिव्हाइसच्या खाली तो पिवळ्या चिन्हाशिवाय आला तर घ्या, नाहीतर परत काउंटरवर ठेवा.